पुढच्या डाव्या चाकाची धपधप

आमच्या गाडीच्या पुढच्या डाव्या चाकातून धपधप आवाज यायला लागला, तेव्हा त्याचं कारण सापडायला बरेच दिवस गेले. दोषी मात्र पहिल्याच संध्याकाळी सापडला. ती मी. गाडी मी चालवते, मी बाई आहे, आणि चाळिशी उलटल्यावर शिकले आहे. एवढा पुरावा आमच्याकडे पुरतो. या गोष्टीला आता बरेच महिने झाले, पण आठवलं की अजून कानशिलं तापतात, म्हणून एकदाचं लिहून टाकते.

आधी माझी बाजू कुठे लंगडी आहे ते मीच सांगते, म्हणजे दुसऱ्या कोणाला ती मेहनत नको. मी फार चांगली गाडी चालवते असं माझं म्हणणं नाही. सीट मी इतकी पुढे ओढून घेते की स्टिअरिंग पोटाला टेकतं. पहिल्याच महिन्यात मी स्वतःच्या घराच्या गेटला धडक दिली, आणि ते गेट अजून जरा नमस्कार केल्यासारखं उभं आहे. रिव्हर्स घेताना मी गाडीशी मोठ्यानं बोलते. कापसानं भरलेले ट्रॅक्टर मला ओलांडून जातात, आणि ओलांडताना वर बसलेली माणसं कौतुकानं वाकून पाहतात. हे सगळं खरं आहे. पण खड्ड्यांच्या बाबतीत माझ्यावर आळ घेऊ नये. खड्डा दिसला की मी थांबते, त्याच्याकडे नीट बघते, आणि पाहुण्यांच्या घरात पाय टाकावा तशी हलकेच चाक आत उतरवते. मागचे लोक शिव्या देतात ते त्यासाठीच.

माझी शाळा कळंबच्या पुढे, आडवळणाच्या एका बंजारा तांड्यात आहे. गाडी नव्हती तेव्हाचे दिवस सांगायला नकोत. एसटी फाट्यावर सोडायची, आणि फाट्यावरून तांड्यापर्यंत कोणाची तरी मोटरसायकल, कोणाचा तरी ट्रॅक्टर, नाहीतर आपले पाय. घरून निघायची वेळ एसटी ठरवायची आणि परत यायची वेळ देव. कधी जास्तच उशीर झाला तर नवऱ्याला फोन करायचा, मग तो यायचा, आणि आल्यावर रस्ताभर काही बोलायचा नाही. ते न बोलणं फार महाग पडायचं. गाडी हातात आली आणि हे सगळं सुटलं. मी माझ्या वेळेला निघायला लागले. कुणाला विचारायचं नाही, कुणाची वाट पाहायची नाही. ती चावी माझ्या पर्समध्ये असायची, आणि मी वर्गात फळ्याकडे वळले तरी मला ती तिथे आहे हे जाणवायचं. हसायचं तर हसा.

तर दिवाळीच्या थोडं आधी, शाळेतून येताना, कळंबच्या अलीकडच्या सरळ रस्त्यावर मला तो आवाज पहिल्यांदा ऐकू आला. आत कोणीतरी बसून तूर झोडपावी तसा. धप, धप, धप. स्टिअरिंगही हाताखाली थरथरत होतं. मी वेग कमी केला तर झोडपणारा दमल्यासारखा सावकाश झाला. वाढवला, तर त्याला जोर आला. घरी येऊन मी नवऱ्याला सांगितलं. आमचे हे सरकारी कार्यालयात आहेत. घरातल्या कुठल्याही बिघाडावर त्यांची पद्धत एकच: बिघडलेली वस्तू नंतर पाहायची, आधी ती शेवटी कोणाच्या हातात होती ते विचारायचं.

"कुठं आदळली काय?" त्यांनी विचारलं.

मी नाही म्हणाले. मग त्यांनी टायरला एक लाथ मारून पाहिली, बॉनेट दोनदा दाबलं आणि मान हलवली. खड्ड्यातून नेली असशील, तुझ्या लक्षात आलं नसेल, असं ते अगदी समजुतीच्या सुरात म्हणाले. रागानं म्हणाले असते तर मी भांडले असते. समजुतीशी कसं भांडायचं ते मला अजून जमलेलं नाही.

दुसऱ्या दिवशी फोनवर दीर आला. माझा हा धाकटा दीर नेरजवळच्या आमच्या गावी शेती करतो, त्याच्याकडे ट्रॅक्टर आहे, आणि त्यामुळे चाकं असलेल्या कुठल्याही वस्तूवर त्याचं मत तयार असतं. वहिनी, तुम्ही क्लचवर पाय ठेवून चालवता, त्यानं सांगितलं, ट्रॅक्टरचंही असंच होते. क्लचचा आणि चाकातल्या धपधपीचा संबंध घसादुखीचा आणि गुडघ्याचा असतो तेवढाच असेल. पण सांगणारा ट्रॅक्टरवाला होता. सासूबाईंनीही फोन मागून घेतला आणि म्हणाल्या, "हळू चालवत जाय माय." मी हळू चालवते हे अख्ख्या कळंब रस्त्याला माहीत आहे. आमच्याच घरात पोचलं नव्हतं.

मग मी ठरवलं की यांना सांगत बसण्यापेक्षा आवाजच नीट ऐकावा. शाळेत मी मुलांना शिकवते की एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि काय होतं ते पाहायचं. तेच केलं. ब्रेक दाबून पाहिला, आवाज तसाच. क्लच दाबून गाडी नुसतीच पळू दिली, तरी तसाच. म्हणजे इंजिन नव्हे. डावीकडे वळवली, उजवीकडे वळवली, फरक नाही. खड्ड्यात काही नाही, स्पीडब्रेकरवर काही नाही, आणि चांगला गुळगुळीत रस्ता आला की जोरात. म्हणजे जे काही होतं ते चाकाबरोबर फिरत होतं, एका फेरीला एक धपका. मला स्वतःचाच अभिमान वाटला. हे सगळं मी पाठ केलं आणि शनिवारी आम्ही दोघं गॅरेजला गेलो.

गॅरेजवाला चांगल्या हाताचा माणूस आहे असं सगळे म्हणतात, असेलही. त्या दिवशी त्यानं काय केलं ते मात्र सांगते. मी ड्रायव्हरच्या दारातून उतरले, हे डावीकडून उतरले. त्यानं माझ्याकडे एकदा पाहिलं आणि यांना विचारलं, "साहेब, गाडी म्याडम चालवतात काय?"

"हो," हे म्हणाले. मुलगा नापास झाल्यावर बाप शाळेत ज्या आवाजात बोलतो, त्या आवाजात.

तपासणी तिथेच संपली होती. त्यानं चाकाला हात लावून हलवल्यासारखं केलं, खाली वाकला न वाकला, आणि सांगितलं की खालचं सगळं ढिलं झालं, आपटून आपटून असंच होते. मी माझं पाठ केलेलं म्हणायला सुरुवात केली. ब्रेक, क्लच, वळण, खड्डा, गुळगुळीत रस्ता, काही सोडलं नाही. त्यानं शेवटपर्यंत ऐकून घेतलं, कपड्याला हात पुसले, आणि यांच्याकडे वळून म्हणाला, "साहेब, म्याडमले सांगा, स्पीडब्रेकर आला का पहिला गिअर टाकाले."

मी हातभर अंतरावर उभी होते. घरी गोरबोली बोलणाऱ्या पहिलीतल्या पोरांना माझी मराठी कळते. या माणसापर्यंत माझा निरोप नवऱ्यामार्फत जावा लागत होता, आणि त्याचा माझ्यापर्यंत. मला दुभाष्याची इतकी चीड कधी आली नव्हती. आणि दुभाष्या मान डोलावत होता.

कसले तरी भाग नागपूरवरून मागवावे लागतील, तोवर साहेब तुम्हीच चालवा, असं ठरलं. यांनी चावीसाठी हात पुढे केला. मी दिली. चारचौघांत काय करणार. त्यांनी ती शर्टाच्या खिशात टाकली, आणि घरी जाताना मी डाव्या सीटवर बसले. आवाज तसाच येत होता. साहेब चालवत होते तरीही. हे मी बोलून दाखवलं तर म्हणाले, बिघडली ते बिघडली, आता कोणी चालवली तरी येणारच.

सोमवारपासून मी पुन्हा फाट्यावर. इतक्या दिवसांत एसटीत माझी जागा गेली होती, नव्या बायका आल्या होत्या. तांड्यावरची एक म्हातारी मला पायी येताना पाहून म्हणाली, बाई, गाडी विकली का? ती माझ्यासोबत शाळेपर्यंत चालत आली, तिला तिकडे काही काम नव्हतं.

आणि मग आठवड्याच्या शेवटी खरा निर्णय कळला. तो माझ्याशिवाय, दोघा भावांत फोनवर झाला होता. गाडी दिरानं गावी न्यायची. तिकडे ती कामात येईल, सासूबाईंना दवाखान्यात न्यायला बरी, आणि इकडे रोज रोज रस्त्याचा घोर नको. दीर मंगळवारी येणार होता. भाग येवो न येवो, तिकडचाच कोणी मिस्त्री पाहील.

"तुले बसचा थोडा त्रास होईल," हे म्हणाले. "पण काळजी तं राहणार नाही."

या काळजी शब्दाविषयी मला एकदा सविस्तर बोलायचं आहे, पण इथे जागा नाही. एवढंच सांगते, की माझ्याकडून आजवर ज्या ज्या गोष्टी काढून घेतल्या गेल्या त्या सगळ्या काळजीपोटी. रागावून कोणी काहीच नेलेलं नाही.

रविवारी दुपारी जेवण झालं आणि हे झोपले. शर्ट खुंटीला होता. मी खिशातून चावी काढली, यात चोरी कसली, आणि अंगणात गेले. माझा विचार साधा होता. आवाज चाकाबरोबर फिरतो, तर ते चाक काढून पाहायचं, आणि आत काही दिसलं नाही तर डिकीतलं लावून पाहायचं. आवाज गेला तर दोष चाकात. राहिला तर गॅरेजवाला म्हणतो तसं खालचं काहीतरी. गंमत अशी की इतक्या जणांनी निदान केलं, पण चाक काढून कोणीच पाहिलं नव्हतं. चाक पाहायची त्यांना गरज नव्हती. त्यांनी मला पाहिलं होतं.

मोबाईलवर एक व्हिडिओ लावला आणि तो सांगेल तसं करत गेले. मागच्या चाकाखाली दगड. पदर खोचलेला. नट सैल करायला पान्यावर जोर लावला तर पाना हलेना. शेवटी मी भिंतीला धरून पान्याच्या दांड्यावर चक्क उभी राहिले. डॉक्टर मला जे वजन कमी करा म्हणून सांगत असतात ते वजन त्या दिवशी घरच्यासारखं मदतीला आलं. करकर करत नट सुटले. कंपाऊंडपलीकडून शेजारीणबाई किती वेळ पाहत होत्या कोण जाणे.

"काहून वो बाई," त्या म्हणाल्या, "साहेब झोपले वाटते?"

"झोपू द्या," मी म्हणाले. "उठले तर मदत करतील."

जॅकनं गाडी उचलली, चाक ओढलं, आणि ते माझ्या हातातून सुटून पालथं पडलं. म्हणजे आतली बाजू वर आली. मी पाहतच राहिले.

चाकाच्या आत, लोखंडी कडेला धरून, काळ्या मातीचा एक थर बसला होता. सगळीकडे नाही, एकाच बाजूला, चांगला मुठीएवढा जाड आणि हातभर लांब. दगडासारखा वाळलेला. त्याचा एक कोपरा आत कशाला तरी घासून घासून गुळगुळीत झाला होता. हाच तो तूर झोडपणारा. चाक फिरलं की त्या एका बाजूचं वजन गाडीला हिसका द्यायचं, आणि तो कोपरा आतल्या लोखंडावर आपटायचा.

घरातून जुनं उलथणं आणलं आणि कडेकडेनं खरवडलं, तसा तो थर एका तुकड्यात निघून आला. आणि त्या मातीत पऱ्हाटीचं एक वाळकं पान रुतलेलं होतं. शेजारी एक अर्धं फुटलेलं बोंड. आतला कापूस अजून पांढरा.

मी कळंबच्या डांबरी रस्त्यानं शाळेत जाते. तांड्याच्या रस्त्यावर मुरूम आहे. माझ्या वाटेवर कुठेही मला पऱ्हाटीतून गाडी न्यावी लागत नाही. मी तिथेच, पाटावर बसावं तशी त्या चाकाजवळ बसले, आणि मला सीतादही आठवली.

आमच्याकडे कापसाचा पहिला वेचा सुरू करायच्या आधी वावरात पूजा करून दहीभाताचा नैवेद्य दाखवतात, तिला सीतादही म्हणतात. दरवर्षी मी जाते. या वर्षी नेमकं त्या दिवशी माझं प्रशिक्षण होतं, म्हणून हे रजा काढून माझी गाडी घेऊन एकटेच गेले. परतीचा पाऊस नुकताच होऊन गेला होता. संध्याकाळी गाडी घेऊन आले तर गाडी धुतलेली. अशी चकाचक की मी थक्क झाले. गाडी धुऊन आणणारा नवरा म्हणून मी दुसऱ्या दिवशी शाळेतल्या बायांना कौतुकानं सांगितलंही होतं.

चाक पुसलं, तेच चाक परत लावलं, आणि गाडी काढून नागपूर रोडला सरळ लांबपर्यंत नेली. वेग वाढवला. अजून वाढवला. नुसता वाऱ्याचा आवाज. मी एकटीच मोठ्यानं हसले, आणि लगेच इतका राग आला की गाडी कडेला घ्यावी लागली.

परत आले तर हे गेटात उभे, शर्टाचा खिसा चाचपत. चावी कुठं हाय, म्हणून विचारत होते. मी आत गेले, तो मातीचा थर परातीत ठेवला आणि परात त्यांच्या पुढ्यात आणली.

"हे काय आणलं?"

"वावर," मी म्हणाले. "आपलंच हाय. चाकातून निघालं."

त्यांनी बोंड पाहिलं. शेतकऱ्याच्या मुलाला पऱ्हाटीचं बोंड समजावून सांगावं लागत नाही. ते खुर्चीत बसले. आणि इतक्या दिवसांच्या छळानंतर त्या माणसाच्या तोंडून पहिलं वाक्य काय निघावं?

"धुतली तं होती चांगली."

मग हळूहळू सगळं निघालं. गाडी डांबरी रस्त्यावर ठेवून वावरात पायी जायचं, ही आमची नेहमीची रीत. पण दीर म्हणाला, वावर वाळलं आहे, जाते गाडी आरामात, आईले कायले चालवता. काळ्या जमिनीला वरून पापुद्रा धरतो आणि आत ती लोण्यासारखी ओली असते, हे आमच्या भागात शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. त्या दिवशी बैलगाडीसुद्धा कोणी तिकडून नेली नसती. आणि जन्मभर त्याच मातीत वाढलेल्या या दोघा भावांनी त्यात कार घातली. पुढची दोन्ही चाकं अर्धी गेली. काढायला जितकी फिरवली तितकी माती आत भरत गेली. शेवटी बैलजोडी लावून ओढली. नंतर विहिरीवरच्या पाइपानं धुतली, पण दिसते तेवढीच बाजू. आत राहिलेली माती वाळली आणि बोलायला लागली.

हे सगळ्यांना माहीत होतं. दिराला, जाऊबाईंना, मला हळू चालवत जाय म्हणणाऱ्या सासूबाईंना. सगळ्यांनी मिळून ठरवलं होतं की हे कोणाला सांगायचं नाही.

"आपल्याच वावरात गाडी फसवली, हे कोनाले सांगू?" हे म्हणाले.

"मले सांगाचं."

"तुले सांगितलं असतं तं तू साऱ्याइले सांगितलं असतं."

यात तथ्य आहे हे मी नाकारत नाही. सध्या तेच करते आहे. पण त्यांना आवाजाचं कारण खरंच कळलं नव्हतं असं ते शपथेवर सांगत होते, आणि मला तेच जास्त झोंबलं. गाडी बैलांनी ओढून काढली हे आठवत असताना, आवाज आल्यावर या माणसाच्या डोक्यात पहिलं नाव माझं आलं. लबाडी असती तर मी समजून घेतली असती. हा विश्वास होता.

मी भांडले नाही. एवढंच म्हणाले की ज्या गॅरेजात माझ्या नावानं निदान झालं, तिथे जाऊन खरं सांगायचं, मी सोबत असताना. त्यांनी पुष्कळ कारणं काढली. सोमवारी संध्याकाळी, मी गाडीनं शाळा करून आल्यावर, आम्ही गेलो.

आवाज गेला, यांनी सांगितलं. भाग मागवू नको. चाकात माती होती.

गॅरेजवाला माझ्याकडे न बघता म्हणाला, "म्हणजे म्याडमनं वावरात घातलती काय गाडी?"

आजूबाजूची माणसं हसली. मी यांच्याकडे पाहिलं, आणि पाहतच राहिले.

"म्या घातलती," हे म्हणाले. मग कोणाला ऐकू गेलं नसेल असं वाटून, जरा मोठ्यानं, "म्या घातलती. ते तं ट्रेनिंगले होती."

गॅरेजवाला नट पाहायला वाकला. एका नटापाशी थांबला. हा उलटा कोनं लावला, त्यानं विचारलं. यांच्या चेहऱ्यावर गेलेली लाइट आल्यासारखा उजेड पडला.

"मी लावला," मी म्हणाले. "चाक मीच काढलं होतं."

म्हणायला काही त्रास झाला नाही. त्यानं नट काढून सुलटा लावला आणि पहिल्यांदाच मान वर करून मला सांगितलं, "म्याडम, ही निमुळती बाजू आतमधी ठेवत जा."

घरी येताना मी चालवत होते. हे वरचं हँडल धरून बसले होते. वाटेत त्यांचा फोन वाजला. दीर होता. उद्या गाडी न्यायला किती वाजता येऊ, म्हणून विचारत होता. म्हणजे आदल्या दिवसापासून यांनी त्याला काही सांगितलंच नव्हतं. मी समोर बघत राहिले.

"येऊ नको," ते म्हणाले. "गाडी तिले लागते."

पुढे खड्डा आला. मी थांबले, नीट पाहिलं आणि चाक हलकेच उतरवलं. मागच्या ऑटोवाल्यानं हॉर्नवर हात ठेवला तो ठेवलाच. यांनी तोंड उघडलं, आणि मिटलं.